केरूची मथी आणि टक् करणारा पाना

महाराजांच्या रथाचं चाक वाटेत निखळलं आणि उतारावरून गडगडत महाराजांच्या आधी सासुरवाडीला पोचलं. सासूबाईंना डोळ्यांनी बेताचंच दिसायचं. दारात काहीतरी गोल गरगरीत आलेलं बघून त्या म्हणाल्या, "या जावईबापू, वाळलात हो." चाकालाच ओवाळलं, कुंकू लावलं, पाटावर टेकवलं. मागून महाराज चिखलात माखून पायी आले, तर गड्यानं त्यांना गोठ्यापाशी बसवून वाटीभर ताक दिलं.

चिंचणगडच्या वज्रसेन महाराजांना हे फार लागलं.

"बोल्ट सैल होते!" ते घरी येऊन गरजले. "आवळा!"

रथशाळेचा मिस्त्री केरू लोहार पाना घेऊन उठला. महाराजांनी त्याला बाजूला सारलं आणि तालमीतले बारा पैलवान बोलावले. पान्याला लांबलचक बांबू बांधला, बाराच्या बारा त्याला लोंबकळले. पहिला बोल्ट कडाड्कन मोडला. दुसरा मोडला. तिसरा मोडला तेव्हा त्याच्याबरोबर चार पैलवान शेणाच्या ढिगात गेले. मोडक्या बोल्टांना फितूर ठरवून महाराजांनी तुरुंगात टाकलं, बाहेर दोन पहारेकरी उभे केले, मग केरूकडे वळले.

"अधिक महिना चाललाय. उद्या मला धोंड्याच्या जेवणाला परत तिथंच जायचंय. बोल्ट सैल राहता कामा नये, मोडता कामा नये. आणि तो किती घट्ट बसलाय, ते मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाहीतर चाकाच्या जागी तुला बसवीन आणि रथ हाकीन."

एवढं बोलून थांबले नाहीत. माप घ्यायला केरूला लगेच रथाच्या कण्यावर चढवलं.

भाकरी घेऊन त्याची लेक मथी आली. बापाच्या हाताखाली पाना चालवून तिची मनगटं तयार झालेली. बघते तर बाप गुडघे पोटाशी घेऊन कण्याला बांधलेला.

"आबा, हे काय?"

"चाक झालोय, पोरी."

"फिरतंय का नीट?"

"डाव्या अंगाला जरा अडतंय."

मथी हसली, पण तिनं मनात वाट मोजली. सासुरवाडी साडेतीन कोस. सगळी वाट दगडांची. बाप पहिल्या ओढ्यापर्यंतसुद्धा पुरला नसता. तिनं भाकरी त्याला भरवली, पदर खोचला आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, बोल्ट मी बसवते. घट्टपणाही दाखवते. एक कमरपट्टा लागेल."

"ने की. भांडारात पन्नास पडलेत."

"तुमचा पाहिजे. आत तुम्ही असलेला."

प्रधानजींना ठसका लागला. महाराज मात्र हट्टाला पेटलेले. उभे राहिले. मथीनं पट्ट्याच्या दोन टोकांना बोल्ट लावला आणि पाना फिरवायला लागली. अर्धा फेरा दिला नि सोडून दिलं. पट्टा सर्रकन घोट्यावर.

"हे काय झालं, महाराज?"

"सैल झालं. एवढंही कळत नाही?"

तिनं तो वर ओढला, चार फेरे दिले. "आता?"

"आता बरंय. बस."

मथी थांबली. पण महाराजांनाच राहवेना. "थांबलीस का? माझे पैलवान अजून आवळतील!"

"आवळू द्या मग."

एका पैलवानानं नुसता पाऊण फेरा दिला. महाराजांचा चेहरा जांभळाचा रंग घेऊ लागला. डोळे खोबणीतून पुढं आले. अंगरख्याचं बटण सुटलं ते थेट प्रधानजींच्या पगडीत घुसलं.

"अजून एक फेरा, महाराज?" मथीनं अदबीनं विचारलं.

महाराजांनी मान हलवली. तेवढंच हलत होतं. मथीनं बोल्ट सैल केला, तेव्हा कुठं त्यांना श्वास सापडला.

"बोल्टाचंही असंच होतं," ती म्हणाली. "आवळला की तो आतून ताणला जातो. बेतानं ताणला तर चाक धरून ठेवतो, जास्त झालं की मोडतो. तुम्ही बस म्हणालात. त्याला तोंडच नाही, तो कुणाला सांगणार?"

"मग तुला कसं कळणार?"

मथीनं कमरेचा पाना काढला. त्याच्या दांड्यात तिनं एक स्प्रिंग आणि एक गोळी बसवली होती. जेवढा जोर पाहिजे तेवढा झाला की गोळी आतल्या आत सटकायची. रथशाळेत सगळ्यांसमोर केरूला उतरवून चाक चढवलं. आठही नट तिनं समोरासमोरचे घेत, थोडे थोडे आवळले. प्रत्येकापाशी पाना बोलला, टक्. टक् झालं की मथी हात काढायची. शेवटी प्रत्येक नटावरून त्याच्या बोल्टावर जाणारी कुंकवाची एकेक रेघ ओढली. रथ दगडांवरून सात वेळा पळवला. घोडे दमले, चाक जागचं हललं नाही. एकही रेघ तुटली नाही.

प्रधानजी बटण पगडीतून उपसत होते. ते म्हणाले, "नट फिरला नाही, एवढंच रेघेनं कळलं. महाराजांना घट्टपणा डोळ्यांनी दिसायचा होता. महाराज, दिसला का?"

महाराज हट्टी. "नाही दिसला," ते म्हणाले. "चढवा केरूला."

केरू मुकाट्यानं गुडघे पोटाशी घ्यायला लागला.

"थांबा, आबा," मथी म्हणाली. "घट्टपणा सगळ्या दरबाराला दिसला. डोळे केवढे बाहेर आले होते, विचारा कुणालाही. एकट्या महाराजांना दिसला नाही, कारण त्या वेळी बोल्ट तेच होते. आता परत बघायचा असेल तर महाराजांनी इथं बसावं आणि पट्टा प्रधानजींना बांधावा. पैलवान, या इकडं."

प्रधानजी घोड्याच्या मागं लपले. महाराज गदगदायला लागले, आणि असे हसले की कमरेचा पट्टा पुन्हा घोट्यावर आला तरी त्यांना पत्ता नाही.

"दिसला! मला दिसला!" ते डोळे पुसत म्हणाले.

केरूला सोन्याचं कडं मिळालं. मथी रथशाळेची मुख्य झाली आणि बाराही पैलवान तिच्या हाताखाली आले. टक् झाल्यावर जो कुणी अजून जोर लावील, त्याला कमरपट्टा.