वाकडं अंगण

विद्यापीठातला मुलींचा फुटबॉल संघ बंद करायचा, हे क्रीडा संचालक इंगवले यांनी बैठकीआधीच ठरवून टाकलं होतं. त्यांनी दोन्ही संघांचे निकाल वाचून दाखवले. मुलांनी नऊ सामने जिंकले होते, मुलींनी दोन.

मुलींची कर्णधार तबस्सुम मुजावर उभी राहिली. तिच्या गुडघ्याला पट्टी होती. "सर, मुलांना हिरवळ आहे. आम्ही वसतिगृहामागच्या खडीवर सराव करतो. पडलं की कातडी सोलून निघते."

"नाचता येईना, अंगण वाकडं," इंगवले म्हणाले. "खरा खेळाडू कुठल्याही मैदानावर खेळतो. हा घ्या कागद. संघ बंद करायला आमची हरकत नाही, असं लिहिलंय. सही करा."

तबस्सुमनं कागद घेतला.

"करते सर. पण आधी महिनाभर मैदानं बदलू. मुलं आमच्या वाकड्या अंगणात येऊ देत. ते तर खरे खेळाडू आहेत."

इंगवले काही बोलायच्या आत मुलांचे प्रशिक्षक बोंगाळे ताडकन उठले. "त्या खडीवर? साहेब, स्पर्धा तोंडावर आलीय. माझी पोरं पाय मोडून घेतील."

तबस्सुमनं कागद उलटा केला, बोंगाळे बोलले ते जसंच्या तसं त्यावर लिहिलं आणि कागद इंगवल्यांपुढे सरकवला.

"मैदानासाठी केलेल्या आमच्या तीन अर्जांत हेच होतं, सर. या वेळी खाली बोंगाळे सरांची सही घ्या."