धोतरावरचे तांबडे केस

लिहायला बसवलंतच, तर चहा तरी गरम आणा. 'चौथी नापासाला अनुमान काय कळणार' असं वाचनालयाच्या चिटणिसाने मला चारचौघांत ऐकवलं, म्हणून ही गोष्ट.

लखू जहागिरीत जनावरांचा माग काढायचा. एके दिवशी जहागीरदारांची तांबडी घोडी लांबच्या कुरणातून नाहीशी झाली. राखणीला लखूचा जावई होता, तेव्हा चोर तोच ठरला. त्याला सहकुटुंब हद्दपार करायचं निघालं. लखू कचेरीत धावला. "सरकार, आधी मला माग काढू द्या."

तिथे त्र्यंबकशास्त्री पाहुणे होते. नवसापोटी दहा कोस पायी आलो, हे त्यांचं सगळ्यांना सांगून झालं होतं. ते हसले. "अरे, याला अनुमान म्हणतात. शब्दाचा अर्थ तरी ठाऊक आहे का?"

"नाही बुवा. तुम्हीच सांगा."

"अनु म्हणजे मागून, मान म्हणजे मोजणं. दिसलेल्या खुणेवरून न दिसलेलं मागून मोजायचं. धूर दिसला की विस्तव आहेच!"

लखूने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लई सोपं आहे की! दहा कोस चालून तुमच्या टाचांना धूळ नाही, आणि धोतराला मांड्यांच्या आतून तांबडे केस चिकटलेत. हा झाला धूर. आता विस्तव कुठं बांधलाय, तेवढं सांगा."

घोडी देवळामागे सापडली. शास्त्र्यांनी भर कचेरीत जावयाची माफी मागितली. माझी मागायची ज्याची राहिलीय, तो अजून वाचनालयात खुर्ची अडवून बसलाय: चिटणीस दिगंबर खानोलकर.