पाण्याआधीची पाटी

“माणसं बुडाल्याशिवाय यांना जाग यायचीच नाही! रस्ता पाण्यात सोडून गेलेल्यांना रात्री झोप तरी कशी लागते?”

हातातला ब्रश डब्यात आपटत अभिरामने विचारलं. ऐकायला समोर एकटे मोतीगिरी बाबा होते, आणि त्यांनी काही रस्ता बुडवला नव्हता.

बाबा धुनीत वांगं भाजत होते. त्यांनी ते उलटवलं.

धरण झालं तेव्हा खालचं गाव उठलं. जुना रस्ता मात्र राहिला. बाबांच्या झोपडीवरून उतरायचा आणि सरळ पाण्यात शिरायचा. विजेचे खांबही गावाबरोबर बुडालेले, दोन-तीन खांबांची डोकी तेवढी वर.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पलीकडच्या वाडीची माणसं बाजारातून याच रस्त्याने घरी जात. धरण भरलं की झोपडीपासून डावीकडे, डोंगराच्या कडेने. नेमकं कोणत्या दिवसापासून वळायचं, तेवढंच कुणी सांगत नसे. गेल्या बाजाराच्या दिवशी म्हातारा विठू बुरूड तिन्हीसांजेला सरळ चालत गेला आणि गळ्याइतक्या पाण्यात सापडला. भोयांनी ओढून काढला म्हणून वाचला.

अभिराम कॉलेज संपवून बाबांपाशी आला होता तो मन शांत करायला. त्याने सात अर्ज केले. पदरचे पैसे घालून सौरदिवा लावला. दुसऱ्याच रात्री त्याची बॅटरी कुणीतरी नेली. आता ही पाटी.

आणि आज पुन्हा बाजार होता.

“बघा बाबा!”

पाण्याच्या जरा अलीकडे, रस्त्यात रोवलेल्या खांबावर आडवी काळी फळी. तिच्यावर लालभडक अक्षरं : थांबा! पुढे पाणी!

“पार चढावरून दिसतंय. मोर्च्यात आम्ही हाच रंग वापरतो. कुणाची नजर चुकायची बिशाद नाही.”

“दिसतंय खरं,” बाबा म्हणाले. “माणसं कधी येतात?”

“सांजच्या गाडीने. हातात पिशव्या, डोक्यावर टोपल्या… टॉर्च कोण धरतंय? का बरं?”

“मग तोवर बस.”

“बसून काय होणार?”

बाबांनी वांगं सोलायला घेतलं.

अभिराम बसला. चुळबुळला. उठला, पुन्हा बसला. सूर्य डोंगराआड गेला. आभाळात अजून चांगला उजेड होता, पाणी चकाकत होतं. त्याची नजर पाटीवरच होती. हाताने केलेल्या कामाकडे माणूस बघतो तशी.

अक्षरं विटकरी झाली. मग तपकिरी.

“बाबा…”

त्याने डोळे चोळले. गवत दिसत होतं. बुडालेल्या खांबावरचा बगळा तर स्पष्ट दिसत होता. फळीवर मात्र काळ्यात काळं.

“अजून उजेड आहे की! मग अक्षरं कुठं गेली?”

“तांबडं आधी जातं. माझी कफनी बघ.”

अभिरामने पाहिलं. भगवी कफनी झोपडीच्या सावलीत विरघळली होती. बाबांची पांढरी दाढी तेवढी हवेत तरंगत होती. एरवी त्याला हसू आलं असतं.

“तुम्हाला ठाऊक होतं! दुपारीच का नाही सांगितलंत?”

“दुपारी तुला दिसत होतं ना.”

…

वर चढावर गाडी थांबली. दार आपटलं, घंटी वाजली, गाडी निघून गेली.

अभिराम ताडकन उठला. “मी पळत जाऊन अडवतो.”

“आज अडवशील. उद्या?”

“मग करू काय? दिवा नाही, दुसरा रंग नाही…”

“सदरा काढ.”

“काय?”

“खादीचा आहे ना? पांढरा?”

अभिरामने सदरा काढला. बाबांनी तो फळीवर चढवला. दोन टोकांना दोन बाह्या घातल्या, सावकाश गुंड्या लावल्या. ओला लाल रंग आतून कापडाला लागला.

“अहो, अक्षरं झाकली! आता माणसं वाचणार काय?”

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला धरून झाडाखाली बसवलं.

…

पावलं वाजली. एक बाई उताराने खाली येत होती. डोक्यावर टोपली, चपला हातात, घराची ओढ लागलेली चाल. झोपडी मागे पडली. डावीकडची वाटही मागे पडली. अभिराम अर्धवट उठला.

सदऱ्यापासून वीसेक पावलांवर ती थबकली. पुढे वाकून निरखून पाहू लागली.

“कोण उभं ऱ्हायलंय तिथं?… पानी चढलं व्हय रं, लेकरा?”