न फोडता टाकलेली अंडी

"मग गेनूला हाकलणार की नाही, बाबा? आज काय ते सांगाच."

कासमबाबा कडुलिंबाखाली बाजेवर बसून कांदे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काहिलीत पाणी ठेवलंस का?"

"ठेवलंय. मी काय विचारतोय?" श्रीधर म्हणाला.

"ऐकलं की. बहिरा आहे का मी?"

चैत्र होता. ऊन मी म्हणत होतं. नांदखेडच्या माळावर या फकिराचा राहायचा तकिया, आणि तकियाच्या मागे भल्या थोरल्या चुलाणावर एक लोखंडी काहील. पलीकडच्या हॅचरीतून दर आठवड्याला टेम्पो यायचा. न उबलेली अंडी, टरफलं, कवचातच मेलेली पिल्लं… पूर्वी हॅचरीवाले ते सगळं ओढ्याकाठच्या खड्ड्यात टाकायचे आणि अख्खा गाव नाकाला पदर लावून फिरायचा. बाबा म्हणाले, मला द्या. लोक म्हणाले, म्हातारा खुळावला.

खुळा कसला! बाबा ते कुटायचे, खदाखदा उकळायचे, उन्हात वाळवायचे, भरडून कोंड्यात मिसळायचे. गावच्या बायका ते खाद्य परसातल्या कोंबड्यांना घालायच्या. कोंबड्या अशा माजल्या की मांजरं त्यांना वाट देऊ लागली.

बाबांची शिकवण म्हणाल तर एवढीच. कच्चं ते जाळावर, शिजलं ते उन्हात. याहून मोठं काही विचारलं की बाबा कांदे सोलायला घेत.

शिष्य दोन. श्रीधर आणि गेनू.

श्रीधर गुणी. पहाटे उठायचा, पांढरं उपरणं घडी न मोडता खांद्यावर टाकायचा, पाठांतर असं की एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाही. फक्त आपण गुणी आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

गेनू हॅचरीचा टेम्पो चालवायचा. दारूपायी नोकरी गेली, बायको माहेरी गेली, तेव्हा तो इथं आला. दारू दोनदा सुटली, दोनदा परत लागली. या खेपेला तर त्यानं खाद्याची वाळलेली पोतीच विकली आणि प्याला. सकाळपासून फाटकाबाहेर पडून होता. आत यायची हिंमत नव्हती, आणि जायला दुसरी जागा नव्हती.

"बायकांच्या कोंबड्या उपाशी राहिल्या त्याच्यापायी," श्रीधर म्हणाला. "घाण वास मारतोय तो. तकियाची अब्रू घालवली. आता एक तर तो राहील, नाही तर मी."

"आणि तू कुठं जाशील?"

"कुठंही जाईन."

बाबांचा सोलता हात थांबला. श्रीधरवर त्यांचा फार जीव. तो पाठ म्हणू लागला की म्हातारा डोळे मिटून ऐकत राहायचा. हा निघून गेला असता तर बाबांनी हाय खाल्ली असती.

"बरं," ते म्हणाले. "आधी आजचं शिजव. मग ठरवू."

श्रीधर काहिलीकडे गेला.

अंडी ओतण्याआधी दगडावर ठेवून मोगरीनं फोडायची, असा तिथला रिवाज. ओंगळ काम. सगळं अंगावर उडतं आणि वास केसांतून निघता निघत नाही. गेनू ते गाणी म्हणत करायचा. श्रीधरनं इकडं तिकडं पाहिलं, उपरणं सावरलं आणि अंड्यांचे ट्रे सरळ काहिलीत उपडे केले.

उकळी आली. फेस आला. वरून पाहिलं तर सगळं झालेलं.

"झालं, बाबा! उन्हात पसरू?"

बाबा काठी टेकत आले. झारा घालून त्यांनी एक अंडं बाहेर काढलं, गार पाण्यात बुडवलं आणि तळहातावर घेतलं. अख्खं होतं. कुठं चरासुद्धा नाही.

"देखणं आहे," बाबा म्हणाले.

श्रीधर रिकामे ट्रे गोळा करू लागला.

बाबांनी अंडं त्याच्या हातात दिलं.

"फोड."

"बाबा…"

"फोड रे बाळा."

त्यानं फोडलं. फट्‌ झालं, आणि आतल्या कच्च्या, नासक्या, हिरवट पाण्याची चिळकांडी उडाली. श्रीधरच्या उपरण्यावर, तोंडावर, आणि थोडी बाबांच्या दाढीतही. दोघांनी एकदमच नाक धरलं. बाबांना हसू फुटलं, ते इतकं की काठीला लोंबकळायची वेळ आली.

श्रीधर हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हे कोंबड्यांना घातलं असतं तर…"

"मेल्या असत्या. नासकं अंडं कवचात आतपर्यंत शिजत नाही."

"सगळ्या?"

"पुष्कळ. सोजरबाईची तुरेवाली तर नक्कीच. हावरट आहे ती."

श्रीधर काहिलीकडे बघत राहिला.

"चूक माझी आहे. हे सगळं ओढ्याकाठच्या खड्ड्यात नेऊन टाकतो."

"तिथूनच तर वाचवून आणलंय," बाबा म्हणाले.

फाटकाबाहेर गेनूला खोकल्याची ढास लागली. लागली ती थांबेचना.

"फोडून पुन्हा शिजवलं तर?" श्रीधरनं हळूच विचारलं. "चालेल ना, बाबा?"

"मला काय विचारतोस? माझे कांदे राहिलेत."

आणि म्हातारा खरंच बाजेवर जाऊन बसला.

श्रीधरनं अंडी उपसली. मोगरी उचलली. दोन-चार फोडली… मग मोगरी खाली ठेवली आणि फाटकाकडे चालत गेला.

त्याला पाहून गेनू धडपडत उठला आणि मागं मागं सरकला.

"जवळ नका येऊ, दादा. वास येतोय माझा."

"माझाही येतोय," श्रीधर म्हणाला. "आत चल. मोगरी तुझ्यासारखी जमत नाही मला."

गेनू तिथंच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. श्रीधरनं खांद्यावरचं उपरणं काढून त्याचे डोळे पुसले. त्या नासक्या पाण्यानं डोळे आणखीच चुरचुरले असणार, पण गेनू काही म्हणाला नाही.

दोघं काहिलीपाशी आले. एक फोडू लागला, दुसरा ओतू लागला.

"पोती विकली मी, दादा…"

"माहीत आहे. ते लाकूड आत सार."

जाळ धडधडू लागला. वर ऊन, खाली आग. माळावरची पाखरंसुद्धा झाडांच्या आत शिरली होती.

तेवढ्यात बाबा उठले. कांदे तसेच टाकले, बसायचा पाट काखोटीला मारला, सावली सोडून काहिलीपर्यंत आले आणि काठीनं दोघांना दोन्हीकडे ढोसलं.

"अहो बाबा, तुम्ही सावलीत बसा," श्रीधर म्हणाला. "इथं भाजून निघाल!"

"सरका रे," बाबा म्हणाले. "मलाही जाळाजवळ जागा द्या."