हेरंबची दोन मुलं

जर्मनीतल्या एका गावात एक भोळा बाप राहायला आला होता. नाव हेरंब, मूळचा सांगलीकडचा. बायकोला, मंजिरीला, तिथल्या इस्पितळात नोकरी लागली, म्हणून हा दोन मुलं घेऊन मागोमाग गेला. रेवा सहा वर्षांची, निनाद चारचा. मंजिरी कामावर जायची, हेरंब मुलं सांभाळायचा. माणूस मनाने लोण्यासारखा मऊ. फक्त सांगितलं तेवढंच करायचा. आणि अगदी तस्संच करायचा.

गावाबाहेर मुलांचं एक मैदान होतं. आपल्याकडच्यासारखं झोपाळा-घसरगुंडीचं नव्हे. तिथे दुमजली उंच दोरांची जाळी, झाडावर घरं, मधून चिखलाचा ओढा. एवढीएवढीशी पोरं हातोडीने खिळे ठोकायची आणि आईबाप लांब बाकावर बसून कॉफी प्यायचे.

पहिल्या दिवशी रेवा जाळीवर चढली. हेरंब तिचा पाय धरून मागोमाग चढला.

"पडशील गं! पडशील!"

रेवा वर ओढायची, हा खाली ओढायचा. शेवटी रेवा वर पोचली, तिचा बूट हेरंबच्या हातात राहिला आणि हेरंब जाळीत उलटा लटकला. बाकावरच्या तिघांनी मिळून सोडवला.

संध्याकाळी मंजिरी म्हणाली, "अरे, तिथे असं धरायचं नसतं. हात खिशात घालायचे, लांब उभं राहायचं आणि हसून बघायचं."

"बरं," हेरंब म्हणाला. "आता कळलं."

दुसऱ्या दिवशी मैदान सांभाळणाऱ्या केलरबाई फळ्या घेऊन येताना ओढ्यात घसरल्या. गुडघ्यापर्यंत चिखलात रुतल्या. जवळ मोठं माणूस म्हणजे फक्त हेरंब. त्याने हात खिशात घातले, चार पावलं लांब गेला आणि हसला. केलरबाई ओरडल्या. हा आणखी हसला.

"बाबा, त्या हात मागतायत!" निनाद म्हणाला.

"हात खिशात आहेत, बाळा."

संध्याकाळी मंजिरीने कपाळाला हात लावला. "अरे देवा! कुणी अडकलेलं दिसलं तर धरून बाहेर ओढायचं. विचारत बसायचं नाही!"

"बरं. आता कळलं."

तिसऱ्या दिवशी लाकडी बोगद्यातून दोन मोठे पाय बाहेर आलेले दिसले. नगरपालिकेचा तपासनीस आत आडवा पडून स्क्रू तपासत होता. हेरंबने पाय धरले आणि ओढले. आतून आरडाओरडा झाला.

"घाबरू नका, मी आहे!" हेरंब मराठीत म्हणाला आणि आणखी जोर लावला.

तपासनीस बाहेर आला. येताना बोगद्याची फळीही घेऊन आला, कारण त्याने तीच धरून ठेवली होती.

केलरबाईंनी हेरंबला बोलावलं. रेवाला शाळेमुळे जर्मन बरं यायला लागलं होतं. तिने रडत रडत अर्थ सांगितला. "बाबा, त्या म्हणतायत, आणखी एकदा काही केलंत तर तुम्हाला आत घेणार नाही. आणि मोठं माणूस नसेल तर आम्हालाही नाही."

त्या दिवशी हेरंब जेवला नाही. "मी सांगितलं तसंच केलं गं," तो म्हणाला. "मग चुकतं कुठे?"

मंजिरीला त्याची दया आली. तिने अगदी सोपं सांगायचं ठरवलं. "उद्या तू काहीच करू नकोस. बाकावर बस. साडेपाच वाजले की दोन मुलं मोज, सायकलीमागच्या गाडीत बसव आणि घरी आण. यायला नाही म्हणतील. ऐकू नकोस. रोजच म्हणतात."

"बरं. आता कळलं."

चौथ्या दिवशी हेरंब बाकावर बसला तो हललाच नाही. केलरबाईंनी खूश होऊन त्याला कॉफी दिली. तिकडे सगळी पोरं पिवळे रेनकोट घालून ओढ्यात लोळत होती. साडेपाचपर्यंत कोणाचं नाक कुठलं, हेही कळेना.

हेरंब उठला. समोरची दोन मोजली, एक थोरलं, एक धाकटं. उचलून गाडीत बसवली.

"नाइन! नाइन!" मुलं ओरडली. जर्मनमध्ये नाइन म्हणजे 'नाही'.

"नऊ नाही रे, दोनच," हेरंब म्हणाला आणि पायडल मारलं.

घरी त्याने दोघांना न्हाणीत घातलं. चिखल गेला. खालून सोनेरी केस निघाले. हेरंब म्हणाला, साबण चांगला आहे.

तेवढ्यात मंजिरी आली. "हेरंब! ही कोण?"

"दोन आहेत. मोज हवं तर."

फोन वाजला. केलरबाई होत्या. रेवा आणि निनाद त्यांच्यापाशी होती आणि दुसऱ्याच कुणाची तरी आई मुलं शोधत रडत होती. मंजिरीने शंभरदा माफी मागितली, पत्ता सांगितला, मुलं इथे सुखरूप आहेत म्हणून सांगितलं. ती दोघं टॉवेलात गुंडाळून वरणभात खात होती.

"ही ओली आहेत, मी यांच्याजवळ थांबते," ती म्हणाली. "तू धाव. आणि नीट ऐक. तोंड धुतल्याशिवाय कुणालाही आपलं समजायचं नाही!"

"बरं. आता कळलं."

हेरंब धावत मैदानावर पोचला. तिथला हातपाय धुवायचा नळ बंद झाला होता. एक चिखलाचं पोर उड्या मारत ओरडलं, "बाबा, मी रेवा! हा निनाद!"

"आधी तोंड धू," हेरंब म्हणाला. "मग बाबा म्हण."

त्याने खूप विचार केला.

अर्ध्या तासाने मंजिरीने दार उघडलं. जिन्यात चिखलाने माखलेली तेवीस पोरं रांगेत उभी होती. त्यांच्या मागे त्यांचे आईबाप. त्यांच्या मागे केलरबाई. सगळ्यात पुढे हेरंब, घामाघूम, पण चेहऱ्यावर समाधान.

"मैदानावर एकही शिल्लक ठेवलं नाही," तो म्हणाला. "आपली दोन यांत नक्की आहेत. धुऊन निवडून घे."