दिवाणजींची तक्रार

कनकवाडी संस्थानचे राजकवी गिरधरपंत दरबारात कमी आणि लोकांतच जास्त रमत. कुंभारवाड्यात, नदीच्या घाटावर ते कविता शिकवत फिरत. दिवाण त्र्यंबकरावांना कवितेचा भारी तिटकारा. त्यांनी भर दरबारात मागणी केली, “महाराज, राजकवीचं पद रद्द करा!”

“का बरं?” महाराजांनी विचारलं.

दिवाणजी तावातावाने म्हणाले, “कुंभार गातो चाकावरती, धोबीण गाते घाटावरती, कामं सगळी पडली मागे, राज्य चाललं गाण्यावरती!”

महाराज राजकवींकडे वळले. “पंत, यावर काय म्हणणं आहे?”

पंतांनी हात जोडले. “महाराज, आता दिवाणजींची तक्रारसुद्धा यमकात येते. माझ्या कामाचा आणखी काय पुरावा देऊ?”

महाराज खळखळून हसले आणि पद कायम राहिलं. दिवाणजींनी आपल्याच ओळी पुन्हा पुटपुटून पाहिल्या आणि हळूच विचारलं, “पंत, याला चाल कोणती लावाल?”