मोतिया की सोफिया?

"पण चूक कुठे झाली, ते तरी सांगा, उस्ताद?"

चूक झालीच नव्हती. दिलवर पाडवीच्या डोळ्यांवर फडकं बांधलेलं होतं आणि पुढ्यात रोशा गवताच्या वीस काड्या होत्या. एकेक काडी चुरडून त्यानं वास घेतला होता. मोतिया उजवीकडे, सोफिया डावीकडे. वीसच्या वीस बरोबर.

कमरुद्दीन उस्तादांनी तव्यावर भाकरी टाकली आणि चुलीकडे पाठ करून ते त्याच्यासमोर बसले.

"चूक नाही," ते म्हणाले. "पण भट्टीही नाही."

दिलवरनं फडकं ओढून काढलं.

सातपुड्याच्या त्या दरीत रोशाचं तेल काढणारे उस्ताद आता एकटेच उरले होते. रोशात दोन जाती. मोतियाच्या तेलाला गुलाबाचा गोडवा, सोफियाच्या तेलाला उग्र दर्प. शिवारात उभी असताना मात्र दोघी सख्ख्या जुळ्या बहिणी. तीच उंची, तेच पान, तोच तांबूस तुरा. दर पावसाळ्यात दोघी आपापल्या जुन्याच मुळांतून वर येतात. आणि सोफियाची एक पेंढी जरी भट्टीवरच्या मोठ्या हंड्यात, देगेत गेली, तरी अख्ख्या देगेचं तेल बिघडतं.

कुठलं गवत कापायचं, हे उस्ताद स्वतः दाखवत. दिलवर कापायचा, वाहायचा, जाळ घालायचा. सात वर्षं झाली होती. आता त्याला डोंगरापलीकडे आपल्या गावात स्वतःची भट्टी लावायची होती. तिथलं गवत तुऱ्यावर आलं होतं. पंधरा दिवसांत तुरे वाळले की आणखी एक वर्ष गेलं. आणि उस्तादांनी हो म्हटल्याशिवाय शागिर्दानं भट्टी पेटवायची नाही, हा त्या कामाचा रिवाज.

"माझ्यासारखं नाक या डोंगरात दुसऱ्या कुणाला आहे का?" दिलवर म्हणाला.

गर्वच होता तो. पण खरं सांगायचं तर गर्व करावा असंच नाक होतं.

"नाही," उस्ताद म्हणाले.

"मग?"



त्यांच्या पाठीमागे तव्यावरून धूर निघायला लागला. उस्ताद आता वळतील, मग वळतील, म्हणून दिलवरनं वाट पाहिली. धूर काळा झाला. उस्ताद शांतपणे त्याच्याकडेच बघत होते.

"उस्ताद, भाकरी..."

त्यांनी मागे पाहिलं. कोळसा झालेली भाकरी चिमट्यानं उचलून बाजूला ठेवली.

"एवढी करपली. तुम्हाला वास नाही आला?"

"नाही."

"सर्दी झालीय का?"

"नाही. वास येतच नाही. तू यायच्या चार वर्षं आधी ताप आला होता. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला."

दिलवरला आधी हसू आलं. मग त्याच्या अंगावर काटा आला. अकरा वर्षं! त्यातली सात त्यानं स्वतः पाहिली होती. त्या सात वर्षांत एकही देग बिघडली नव्हती.

"पण... पहिलं तेल आलं की मी वाटी तुमच्या नाकाशी धरतो. तुम्ही वास घेता, मान हलवता..."

"तुझा चेहरा बघून हलवतो," उस्ताद म्हणाले. "फार खूश असतोस तू."

दिलवरची मान खाली गेली. त्यानं हळूच विचारलं, "मग गवत ओळखता कसं?"

उस्तादांनी चुलीतली लाकडं मागे ओढली आणि ते उठले.

"ते फडकं आता नाकावर बांध."

दोघं डोंगराची चढण चढले. ऊन नुकतंच वर आलं होतं. अर्ध्या वाटेवर उस्ताद थांबले.

"काय दिसतंय?"

"गवत."

उस्ताद तिथेच उभे राहिले, म्हणून दिलवरही उभा राहिला. पाय अवघडले. पुन्हा विचारलं तर काय सांगायचं, हे त्यानं दोनदा मनात जुळवलं. पण कुणी विचारलंच नाही...

कधी कोण जाणे, त्याला दिसलं.

वरच्या खडकाळ उतारावर गवताचा एकेक ठोंब सुटा उभा होता. हात-दीड हात मोकळी जागा, मग दुसरा. खाली ओहोळाकडच्या सखल, ओल्या जमिनीत दाटी होती. तिथे ठोंबाला ठोंब भिडला होता. पाऊल टाकायलाही जागा नव्हती.

सात वर्षं त्या वरच्या उतारावरूनच, याच वाटेनं त्यानं मोतियाच्या पेंढ्या वाहिल्या होत्या. काडी हातात आली की नाकाशी न्यायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. ती कुठे उभी होती, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. डोंगर आज पहिल्यांदा पाहतोय, असं त्याला वाटलं.

"वरची मोतिया," तो नाकावरच्या फडक्यातून पुटपुटला. "खालची सोफिया."

उस्तादांनी मान हलवली. या वेळी ते त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते.

दिलवर उतरत निघाला. एकेका ठोंबाकडे बोट दाखवायचा आणि नाव घ्यायचा. मोतिया. मोतिया. ही मोतिया. त्याचा आवाज मोठा होत चालला. मग उतार संपून सखल भाग सुरू होतो, तिथे तो अडला.

तिथे एक ठोंब होता. ना धड सुटा, ना धड दाटीत.

"आणि ही?" उस्तादांनी मागून विचारलं.

दिलवरनं फडकं सोडलं. एक पान खुडलं, चुरडलं, डोळे मिटून वास घेतला. गुलाब आला. तो बोलणार, तेवढ्यात मागून उग्र दर्प आला. त्यानं दुसरं पान चुरडलं. आधी दर्प, मग गुलाब. तिसऱ्या पानाला दोन्ही एकदम. जन्मात कधी त्याच्या नाकानं त्याला असं एकटं सोडलं नव्हतं.

"सांग."

दिलवरनं वळून पाहिलं. मोतिया म्हटलं असतं, तरी चाललं असतं. सोफिया म्हटलं असतं, तरी चाललं असतं. उस्तादांना वास येत नव्हता. उत्तर ठणकावून दिलं की भट्टी त्याची होती. डोंगरापलीकडे तुरे वाळायला पंधराच दिवस उरले होते.

त्यानं पुन्हा त्या ठोंबाकडे पाहिलं. वाऱ्यानं तुरा हलत होता. एवढंसं गवत, आणि त्याच्यापुढे आपण फार लहान आहोत असं त्याला वाटलं. हातातली चुरडलेली पानं त्यानं ठोंबाच्या बुडाशी अलगद ठेवली.

"कळत नाही, उस्ताद."

सात वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाले होते.

उस्ताद त्या ठोंबापाशी खाली बसले.

"मलाही नाही," ते म्हणाले. "नाक होतं तेव्हाही कळलं नव्हतं. म्हणून ही कधी कापली नाही. जा, उद्या पेटव तुझी भट्टी."